काकीची जास्वंद

मी कुणाचाही आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, ओरोसच्या सरकारी ऑफिसातला तो "उद्या या" म्हणणारा माणूस. पण एक आवाज मी काढायला नको होता.

घरात काकी आणि मी, दोघंच. मी कुडाळला मोबाईलच्या दुकानात कामाला जातो. आमचं घर डोंगराला टेकलेलं, त्यामुळे भेकर खाली उतरतं. भेकर म्हणजे छोटं हरीण, पण ओरडतं कुत्र्यासारखं. मे महिन्यात एका पहाटे त्याने काकीची जास्वंद खाल्ली. पानं, कळ्या, कोवळे शेंडे, सगळं. मागे उरल्या नुसत्या काठ्या.

ही जास्वंद काकीने लग्नानंतर विजयदुर्गहून, तिच्या माहेराहून आणलेली. तिथलं घर आता विकलंय. चतुर्थीला गणपतीला पहिलं फूल त्याच झाडाचं, हे ठरलेलं.

"झिला, भेकर खाणा नाय असा काय झाड मेळात तर बघ," काकी म्हणाली.

आठवड्याच्या बाजारात एक रोपवाला बसतो. तो म्हणाला, "उग्र वासाचं लावा, कडू लावा, चीक असलेलं लावा. भेकराने तोंड लावलं तर रोप फुकट बदलून देतो. फक्त भेकराला सोबत घेऊन या." घरी येऊन मी त्याच्याच आवाजात हे सगळं काकीला ऐकवलं. ती हसून हसून खाली बसली.

तो कण्हेर देत होता, पण ती विषारी. काकी नको म्हणाली, "आमची गाय सुटली आणि खाल्ल्यान तर?" मग आम्ही अडुळसा आणि गवती चहा आणला. अडुळशाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. जास्वंदीभोवती दाट कुंपण करून लावला. पावसात सगळं तरारलं. जास्वंदीला नवी पानं आली. भेकर परत आलंच नाही.

पण मला राहवतंय होय? एका तिनसांजेला गोठ्यामागे जाऊन मी भेकरासारखा ओरडलो. काकी डबा बडवत धावत खळ्यात, घरापुढच्या अंगणात आली, "हाड्! हाड्!" मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. ती रोज डबा बडवायची, मी रोज हसायचो. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत श्रावण संपत आला.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कामावरून आलो तर अडुळशाच्या मधोमध खड्डा. कुदळ बाजूला पडलेली. गाय काहीतरी चघळत होती, तोंडातून लाल कळी बाहेर लोंबत होती.

"काकी, ह्या काय केलंस?"

"रोज येता मेला. अडुळश्याक पण भीक घालणा नाय. जास्वंद आसा तोवर येतलाच. त्याच्या पोटात जाण्यापेक्षा आमच्या गायीच्या तरी जाऊंदे."

"काकी, ता भेकर नाय होता. मी होतंय."

तिने हाताची माती झटकली. मग म्हणाली, "ओरड बघू."

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज निघेना. तिने परत सांगितलं तेव्हा कसाबसा ओरडलो.

"तसोच," काकी म्हणाली आणि हात धुवायला गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मी विजयदुर्गला गेलो, निदान मूळ झाडाची एक फांदी मिळाली तर. नव्या मालकाने अंगणभर लाद्या बसवल्यात. त्या वर्षी गणपतीला लाल फूल शेजाऱ्यांकडून मागून आणलं. काकीने ते वाहिलं, माझ्याकडे बघितलं नाही.

काल तिनसांजेला डोंगराकडून खरं भेकर ओरडलं. दोनदा. मी खळ्यात बसलो होतो, तोंड बंद करून.

स्वयंपाकघरातून काकी म्हणाली, "पुरे रे आता. जेवूक ये."


ते मी नव्हतो, हे न सांगताच मी जेवायला उठलो. भेकराला खायला तरी आता काय शिल्लक होतं?