सज्ञान मुलाची आई

तिला सगळे फणकारा म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं. जिन्याखालच्या दुकानात ती कपडे आल्टर करून द्यायची. गिऱ्हाईकाची पँट कमरेत ढिली करताना त्याच्या पोटाकडे अशी बघायची, की पुढच्या खेपेला तो बायकोला पाठवायचा.

या नजरेला धार लागली ती कचेऱ्यांच्या बाकांवर. मुलगा स्वमग्न. तो लहान असताना डॉक्टरने "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. पुढे त्याच डॉक्टरने विचारलं, "इतका उशीर का केलात?" मग शाळेत मदतनीस मिळावा म्हणून एक खातं, बोलायला शिकवणारी बाई मिळावी म्हणून दुसरं. दरसाल दोन्हीकडे जाऊन मुलगा अजून स्वमग्नच आहे असं शपथेवर सांगायचं. "मधल्या वर्षात गळून पडेल अशी आशा असते त्यांना," ती म्हणायची. नवरा होता, पण कचेरीचं नाव काढलं की त्याचं डोकं दुखायचं. त्याच्याबद्दल ती काही म्हणतही नसे.

मुलाचं अठरावं संपलं तशी लहान मुलांच्या विभागाने त्याची फाईल बंद केली.

"अभिनंदन. मुलगा सज्ञान झाला," तिथला कारकून म्हणाला.

"तुमचे साहेब कधी होणार?" असं विचारून ती समोरच्या इमारतीत गेली. मोठ्यांचा विभाग तिथे होता. इतकी वर्षं साठलेले कागद तिथे कोणी उघडूनही पाहिले नाहीत. सगळं पहिल्यापासून.

तिथल्या साहेबाने तपासून 'पूर्ण देखभाल' असा शेरा दिला, तर दिवसभराच्या केंद्रात जागा आणि न्यायला-आणायला गाडी मिळणार होती. नाही दिला, तर शाळा संपलेला मुलगा घरात, ती दुकानात आणि मध्ये बाहेरून लावलेलं कुलूप. एकदा ती तसं कुलूप लावून गेली होती. परतली तेव्हा शेजारी दाराशी जमले होते आणि आतून डोकं आपटल्याचा आवाज येत होता.

बाकावर तिच्या शेजारी एक पोस्टातली बाई असायची. तिच्या मुलीला केंद्रात जागा मिळाली होती.

"एक सांगू? रागावू नकोस," ती बाई म्हणाली. "त्याला शहाणा करून आणू नकोस गं. उपाशी आण. आवाज अडवायला कानाला लावतो ते घरीच ठेव. साहेबाला दिसू दे काय ते. सगळ्याच करतात."

"सगळ्या करत असतील. माझ्या पोराचं माकड नाही करायचं मला."

तिने मुलाला न्हाऊ घातलं, कडक इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला. तो खुर्चीत सरळ बसला. इथेच ती फसली. टेबलापलीकडच्या माणसाने काही विचारलं की 'हो' म्हणायचं, हे तिनेच त्याला लहानपणापासून घोटून शिकवलं होतं. 'नाही' म्हटलं की शाळेतल्या बाई चिडायच्या आणि मुलाला वर्गाबाहेर बसवायच्या.

"स्वतःची आंघोळ करतोस?"

"हो."

"एकटा रस्ता ओलांडतोस?"

"हो."

"साहेब, तो सगळ्यालाच हो म्हणतो," ती मध्येच बोलली.

"बाई, त्याला बोलू द्या. सज्ञान आहे तो आता."

ती मुलाकडे वळली. "विमान चालवतोस का रे?"

"हो."

साहेब मनापासून हसला. "विनोदबुद्धी चांगली आहे," म्हणाला आणि तसं लिहूनही घेतलं. जागा नाकारली गेली. कारणांत 'मनमिळाऊ' असा शब्द होता. मुलाने आजवर बापाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

फेरतपासणीला तोच साहेब. स्वतःची चूक स्वतःच तपासायची, इतका स्वावलंबी कारभार. पोस्टातली बाई दारापर्यंत आली. "आता तरी ऐक," म्हणाली. मुलगा पोटभर जेवून आला होता.

"साहेब, हा एकटा रस्ता ओलांडतो असं तुम्ही लिहिलंत," ती उभ्यानेच म्हणाली. "चला खाली. बघू या."

"त्याची काही गरज नाही."

"लिहायची होती?"

दार उघडं होतं. बाकांवरचे लोक हसले. साहेब पेन हातात घेऊनच उठला.

खाली फुटपाथच्या कडेला तिने नेहमीसारखं मुलाचं मनगट धरलं होतं. गाड्या भरधाव जात होत्या. "एकटा जाशील पलीकडे?" साहेबाने विचारलं. मुलगा हो म्हणाला. आणि तिने बोटं उघडली.

तो निघाला. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जावं तसा, डावीकडे न उजवीकडे. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा त्याने कान झाकले आणि तो रस्त्यातच उभा राहिला. साहेबाचं तोंड उघडं, पेन हवेत. तिने झेप घेऊन सदऱ्याची मागची बाजू धरली, शिवण फाटली, दोघं कडेला आदळली. ट्रकवाला मान बाहेर काढून ओरडला, "पोर सांभाळता येत नाही तर घरात ठेव की!"

वर खोलीत आल्यावर साहेबाने स्वतः पाणी आणून दिलं. त्याची भित्री बोटं, गळपट्टीवरचा घाम, तिने सगळं नीट पाहून घेतलं. बोलायला एरवी केवढं सुचलं असतं. मुलाचं कोपर सोललं होतं आणि तो त्या रक्ताकडे दुसऱ्या कोणाचं असावं तसं बघत होता.

"रस्त्यावर धोक्याची जाणीव नाही," साहेब लिहिता लिहिता पुटपुटला. "पूर्ण देखभाल. सोबत कोणी असावं लागतं?"

"सतत."

"आणखी काही?"

"त्याचा हात सोडू नये," ती म्हणाली. "आईनेसुद्धा. तेही लिहा."

साहेबाने वर न बघता तेही लिहिलं.