ओंदिनाची पाटी आणि साहेबांचं पोट

ओंदिना बेंतांकोर आमच्या प्रकाशनात पाट्या लिहायची. दुकानावरच्या नव्हेत. ई-पुस्तकाच्या आत थोडी माहिती भरून ठेवावी लागते: चित्रांची वर्णनं दिली आहेत का, फोनला हे धड वाचून दाखवता येतं का, काही लखलखून कुणाला फेफरं येईल का. ज्यांना दिसत नाही ती माणसं पुस्तक घ्यायच्या आधी हेच तपासतात. जग त्याला मेटाडेटा म्हणतं. ओंदिनाला तो शब्द जुलाबाच्या गोळीसारखा वाटायचा, म्हणून पाटी.

मोंतेविदेओत एका गादीवाल्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मी मुखपृष्ठं करायचो, ती समोर बसायची. काखेत गरम पाण्याचा थर्मास, तोंडात हिरव्या काढ्याची नळी, डोळे मिटलेले. अख्खं पुस्तक फोनकडून ऐकायची आणि मध्येच लेखकाच्या खानदानाची चौकशी करायची. पाटीत हो-नाहीच्या चौकटी असतात, त्याखाली चार ओळी मोकळ्या असतात. ओंदिनाचा सगळा खोडसाळपणा त्या चार ओळींत. "सातव्या प्रकरणातला तक्ता ऐकताना बसस्टँडवरच्या घोषणेसारखा लागतो, सोडलात तरी चालेल." "लेखकाच्या सगळ्या फोटोंचं वर्णन दिलं आहे. सगळ्यांत तो हनुवटीला हात लावून बसला आहे."

तिचा नवरा अल्सिदेस बंदरात टेलिफोनवर नोकरीला होता. जन्मापासून आंधळा, आणि बायकोच्या बाबतीत भलताच फुशारकीखोर. दर गुरुवारी त्याच्यासारख्याच न दिसणाऱ्या दोस्तमंडळींची बैठक भरायची. सगळे वर्गणी काढून एक पुस्तक घ्यायचे आणि भोंग्यावर लावून ऐकायचे. "ओंदिनाच्या पाटीवर हात ठेवा आणि बिनधास्त चाला," हे त्याचं तिथलं पालुपद.

मग ओंदिनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी असताना कार्निव्हलच्या सोंगाड्यांवरचं पुस्तक निघालं. पानोपानी रंगवलेल्या तोंडांचे फोटो. आमचे साहेब एबेर यांनी आमच्या खात्याची जुनी रीत पाळली: मागच्या पुस्तकाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, मोकळं व्हायचं. मागचं पुस्तक कवितांचं होतं. त्यामुळं सोंगाड्यांच्या पाटीवर ठळक आलं, चित्रं नाहीत, सगळं ऐकता येतं.

गुरुवारी मंडळींनी भोंगा लावला. फोन म्हणाला, "चित्र." मग म्हणाला, "चित्र." बराच वेळ तेच. मध्ये लेखकानं आपल्या सासूचे आभार मानले, पुन्हा चित्र.

नीवेस नावाची एक म्हातारी त्या बैठकीत होती, जिभेला धार असलेली. ती म्हणाली, "अल्सिदेस, बायकोला सांग, गोष्ट झकास आहे. पात्र तेवढं एकच आहे."

घरी येऊन अल्सिदेस जेवला नाही. ओंदिनानं खोदून विचारल्यावर म्हणाला, "आता म्हणे मंडळी तुमचं प्रत्येक पुस्तक आधी दुसऱ्याकडून तपासून घेणार. माझ्या शब्दावर नाही."

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत ऑफिसात हजर.

"एवढंसं तर आहे, ओंदिनाबाई," एबेर म्हणाले. "वर्णनं आहेत असं करून टाका. आणि प्रत्येक फोटोखाली लिहा, रंगवलेला चेहरा. खोटं आहे का त्यात काही?"

"तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये काय लिहिलंयस रे? माणसं?"

एबेर मालक होते, पण ओंदिना त्यांच्या आईची मैत्रीण. त्यांनी फोटोंची फाइल तिच्यापुढं सरकवली. ती लिहायला बसली. कुणाच्या कपाळावरची हिरवी पाल, कुणाच्या गालावरून ओघळलेला रंग, एकेक तोंड तिनं शब्दांत उतरवलं. आणि एका जुन्या फोटोपाशी येऊन एकटीच फिदीफिदी हसायला लागली.

वर्णन असं होतं: "डावीकडून तिसरा तरुण. पोट विजारीबाहेर सांडलेलं, एक मोजा घोट्यापाशी लोळतोय, तोंड इतकं उघडं की पडजीभ दिसावी. हा सध्या प्रकाशक आहे."

एबेर कानापर्यंत तांबडे झाले. "हे एवढं गाळा, बाई."

"गाळते की. मग पाटीवर लिहावं लागेल, एका चित्राचं वर्णन दिलेलं नाही. ते नीवेसच्या कानावर गेलं की ती विचारणार, कुठल्या?"

एबेरनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली गाद्या उतरवत होते. "राहू द्या," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीला अल्सिदेसनं साहेबांनाच बोलावून घेतलं, माफी मागायला. ओंदिनाबरोबर मीही मजा बघायला गेलो. भोंगा सुरू झाला आणि या वेळी हसण्याखिदळण्यानं खोली दणाणली. डावीकडून तिसरा आला, तशी नीवेस उठली.

"प्रकाशक आलेत ना? कुठायत? जरा पोट बघू द्या." आणि तिनं सरळ हात घातला. चाचपलं. "अल्सिदेस, पुन्हा फसवलंस. हे तर परातीसारखं सपाट आहे."

अल्सिदेसचा चेहरा उतरला.

"फसवलं नाही, बाई," एबेर हळूच म्हणाले. "मी उशी बांधली होती."

"वर्णनात उशी नव्हती."

"फोटोत उशी दिसत नाही," ओंदिना म्हणाली. "दिसतं तेवढंच मी लिहिते. विजारीत याची आजी असती, तरी मी पोटच लिहिलं असतं."

नीवेस खुर्ची चाचपत बसली. "हे पटलं. अल्सिदेस, पुढचं पुस्तक कुठलं ते बायकोला विचार. तपासायची गरज नाही."

अल्सिदेसनं बायकोच्या बशीतली शेवटची भजी उचलली आणि ऐटीत खाल्ली.

एबेर मात्र निघताना जिन्यात तिच्या मागं लागले. "ओंदिनाबाई, उशी घालाच हो तेवढी. सगळ्या देशातले आंधळे मला ढेरपोट्या समजतील. पाटी खरी पाहिजे की नको?"

"दाखव मला उशी," ती काठी टेकत म्हणाली. "हात लावून बघते, मग लिहिते."

रविवारी एबेर आईच्या घरी माळ्यावर चढले.