मलिद्याच्या वेळी पंखा बंद

यहुदी धर्मात पंख्याविषयी एकही नियम नाही, हे मला माझ्या मुलीच्या साखरपुड्यात कळलं.

सोलापुरात आम्हा बेने इस्राएलांची घरं मोजकीच. शंका विचारायला जवळ कुणी जाणकार नाही, म्हणून बाबा करायचे तोच धर्म! बाबा गिरणीत कामाला. मी घराण्यातला पहिला पदवीधर. (साधा बी.कॉम. आहे, पण आहे!) मलिद्याचं ताट मांडलं, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं, की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं सुरू करण्याआधी बाबा उठून पंखा बंद करायचे. बाबा गेले आणि बटणाचं ते पवित्र काम माझ्याकडे आलं.

नाओमीच्या साखरपुड्याला ठाण्याहून व्याही आले. महिना मे, दुपार सोलापूरची. मी उठलो आणि खट्!

"लाइट गेली का हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही, मी पंखा बंद केला. आपला रिवाज!"

होणारा जावई डॅनियल नम्रपणे म्हणाला, "काका, हे सगळ्यांना बंधनकारक आहे, की तुमच्या घरापुरतं?"

"मी ग्रॅज्युएट माणूस आहे," मी ठणकावलं. (याचा त्याच्या प्रश्नाशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.)

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला व्याह्यांची टोपी भिजली, तिसऱ्याला विहीणबाई भिंतीला टेकल्या. माझी बायको रिबेका मला डोळ्यांनीच भाजत होती. नाओमी कुजबुजली, "पप्पा, लग्न मोडेल हो माझं!"

विहीणबाई डोळे मिटूनच बोलल्या, "जीव वाचवायला शनिवारचा शब्बाथसुद्धा मोडावा, असा नियम आहे. आणि तुम्ही पंखा लावेनात! अशा घरात सोयरीक करायची म्हणजे..."

तेवढ्यात आत्या, बाबांची थोरली बहीण, कोपऱ्यातून कडाडली, "आरं, रिवाज कसला! पंख्याचं वारं लागलं की त्याला लई शिंका यायच्या. गाण्यात शिंकला तर लोक हसतील म्हणून बंद करायचा त्यो!"

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुटं? कालिजात गेलेला तू. म्हटलं, म्हायती आसंल की!"

नाओमीनं धावत जाऊन पंखा लावला. आधी विहीणबाई हसल्या, मग सगळेच. सोयरीक वाचली.

मी मात्र त्या बटणाकडे बघत बसलो. आईबापाचा मान राखा, ही आज्ञा सगळ्यांनाच आहे; मी पाहुण्यांना उकडून बाबांच्या सर्दीचा मान राखत होतो! पण खरं सांगू? पंखा थांबला की खोलीत जी शांतता पसरायची, तीत बाबा शेजारी बसल्यासारखे वाटायचे. ते माझं होतं. त्यासाठी विहीणबाईंनी का घाम गाळावा?

आता मलिदा होतो तो पंख्याखालीच. सगळे उठून गेले की मी पंखा बंद करून थोडा वेळ एकटा बसतो. परवा रिबेका डोकावली.

"हा कुठला नियम?"

"कुठलाच नाही. माझी सवय."

"मग घामाचा शर्टही तुमचा तुम्हीच धुवायचा!"

धुतो. ही आज्ञा मात्र बंधनकारक आहे.