चौकातला दगड

आमचं गाव ताडपत्रीच्या छपराच्या अकरा गाड्यांतून आलेल्या गोऱ्यांनी वसवलं, हे मी आम्ही मायदेश सोडून इथे आल्यापासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात ऐकतेय. चौकात मिरवणूक निघते आणि त्या अकरा घराण्यांची नावं मोठ्यांदा वाचतात. त्याआधी या गवताच्या माळावर कुणी राहतच नव्हतं म्हणे.

या वर्षी चौकात नवा दगड बसवला. वर गाव वसवणारे, खाली गाव टिकवणारे. टिकवणाऱ्यांत न्हावी आहे, बँकवाला आहे, गुरांचा डॉक्टरसुद्धा आहे. माणसांचा डॉक्टर नाही. तो माझा नवरा. रेल्वे बंद झाल्यावर आजूबाजूची गावं ओस पडली. हे राहिलं, कारण बर्फात गाडी घालून बाळंतपणाला जाणारं इथे कुणीतरी होतं. समितीच्या अध्यक्षांची तिन्ही मुलं यांच्याच हातांवर जन्मली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर हेच अध्यक्ष मागच्या पानगळीत आमच्याकडे आले होते. चहा नको म्हणाले. मी आग्रह केला, तर दोन कप प्यायले, वर चकल्याही खाल्ल्या. मग यांना विचारलं, "डॉक्टर, दगडावर तुमचं नाव घालू?"

"छे छे, माझं कशाला?" हे म्हणाले.

"तुमच्या इच्छेचा मान राखतो," म्हणत अध्यक्षांनी टोपी घातली. झालं.

महिनाभर हे फोनची वाट बघत होते. मी म्हटलं, "तुम्हीच करा ना फोन." तर म्हणाले, "तू गप्प बस. विचारेल तो परत." फेब्रुवारीत हे गेले. मला अध्यक्षांचा राग येतो, यांचाही येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो. चहासाठी एवढा आग्रह करणारी मी, त्या वेळी ओट्याशी मुकाट उभी होते.

अनावरण झाल्यावर मी अध्यक्षांना गाठलं.

"पण त्यांनीच नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. मग दगडाकडे बघून म्हणाले, "खाली जागा आहे. आता कोरून घेऊ का?"

"नको, उगाच कशाला त्रास," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी मान डोलावली आणि ते वळले. मी त्यांची बाही धरली.

"पुन्हा विचारा," मी म्हणाले. "आमच्यात पुन्हा विचारतात."