दहा इंच, बराबर

थावरू मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीखाली उताणा पडून ग्रीस भरत होतो. बायको अंगणातून म्हणाली, "अहो, बाळापूरहून फोन होता. मिस्त्री गेले. जेवून दुकानातल्या बाजेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी ताडकन उठायला गेलो आणि कपाळ आदळलं ते नेमकं त्यानंच जोडलेल्या लोखंडावर. जाता जाताही टपली मारून गेला लेकाचा... असं मनात आलं आणि रडू येण्याआधी हसूच फुटलं. बायकोला वाटलं, डोक्याला जरा जास्तच लागलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. टेंगूळ बसलं. पण माझी एक जुनी लबाडी त्या दिवसापासून वर आलीय, ती काही बसेना. म्हणून हे लिहितोय.

आमचं घर औंढ्याचं, देवळाच्या गल्लीतलं. घराण्यात पूजाअर्चा, मी मात्र शाळेच्या कचेरीत कारकून. वडिलांनी हौसेनं घेतलेली मोटार त्यांच्या मागं पत्र्याखाली गंजत होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. बावन्नाव्या वर्षी मी मोबाइलवर परदेशातल्या 'हॉट रॉड' गाड्या पाहिल्या. छप्पर छाटलेलं, इंजिन उघडं, मागं रेड्याच्या खांद्यासारखी रुंद चाकं... माझं डोकंच फिरलं. बायको म्हणाली, "पन्नाशीनंतर माणसं तीर्थाला जातात." मी म्हणालो, "आपण राहतोच तीर्थात, आता मी जाऊ कुठं?" या विनोदाची शिक्षा म्हणून तिनं मुदत घातली. पाडव्याला गाडी आपल्या पायांनी दारात आली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याला ती स्वतः बोलावणार. ज्या स्टिअरिंगवर वडिलांचे हात होते ते काट्यावर चढणार, या विचारानं मला पुरणपोळीसुद्धा कडू लागायला लागली.

मी नवं दणकट इंजिन बसवून घेतलं आणि पहिल्याच झटक्याला मागचा जुना आख मोडला. मग भंगारातून एका फौजी गाडीचा जाडजूड आख आणला. आख म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी नळा. त्याच्या पोटात डावा-उजवा असे दोन दांडे आणि दोघांच्या मधे दातेरी चाकांचा गोळा. तो मोटारीखाली धरून पाहिला तर दहा इंच जास्त! चाकं अशी बाहेर आली, जशी पंगतीत कोपरं पसरून बसलेली माणसं. तेवढा आख आखडून घ्यायचा होता. जिल्हाभर विचारलं, सगळ्यांनी बोट दाखवलं ते आखाडा बाळापूरच्या थावरू मिस्त्रीकडं.

मिस्त्री तांड्यावरचा. काळा, किडकिडीत, कानावर खडू. मी देवळाच्या घरचा म्हटल्यावर पहिल्या मिनिटाला माझं नाव 'देवा' पडलं. "देवा, आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख फिरले. त्याइला आख लागलाच न्हाई. अन माझा जलम आखाखालीच चालला!" मी त्याला काम समजावलं. दहा इंच कमी करायचे, म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच. न विसरावं म्हणून पिवळ्या रंगानं दोन्ही बाजूंना रेघ मारून लिहिलं, 'पाच इंच कापणे', आणि खाली सही केली. कारकुनाचा हात, सहीशिवाय थांबत नाही. "दोन्हीकडं बराबर," मी बजावलं. "बराबर?" त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा आखाकडं पाहिलं. "बराबर," मी म्हणालो. "बराबरच करतो मग," तो म्हणाला.

दोन दिवसांनी गेलो तर एका बाजूचा नळा अख्खा दहा इंच कापलेला, आणि दुसऱ्या बाजूला करवतीचा ओरखडासुद्धा नाही! पाडवा आठवड्यावर आला होता आणि असा आख दुसरा मिळणार नव्हता. मला भर दुकानात काट्यावर चढलेलं स्टिअरिंग दिसलं. "मिस्त्री, काय केलंत हे! बराबर म्हणालो होतो ना मी!"

"काहून ओरडून राहिले देवा? तुमचं बराबर म्हंजी 'सारखं', माझं बराबर म्हंजी 'बरोबर'. आमच्याकडं दोन्हीला बराबरच म्हन्तेत." मग शांतपणे त्यानं आखावर हात ठेवला. "ह्यो गोळा मधात न्हाई, एकीकडं सरकून हाय. दोन भावांच्या वाटणीत एकाकडं दहा एकर जास्त गेलं. आता दोघांचं पाच-पाच काढलं, तर भांडण मिटतं का?" मी टेप लावून मोजलं. गोळा गाडीच्या मधोमध, इंजिनाच्या रेषेत यायला हवा, आणि तसा धरला तर जास्तीचे दहा इंच सगळे एकाच बाजूला होते. पाच-पाच कापले असते तर एक चाक गाडीच्या पोटात घुसलं असतं आणि दुसरं बाहेरच राहिलं असतं. शिवाय आता दोन्ही बाजू सारख्या झाल्यामुळं तसाच आखूड दांडा दुसरा मिळवला की काम झालं. लांब दांडा कापून त्याला नवे दाते पाडायची तकलीफच नको. तो दुसरा दांडाही त्यानं आधीच शोधून ठेवला होता.

त्या दिवशी मी त्याला कापलेल्या नळ्याला चाकाकडचं टोक परत जोडताना पाहिलं. आतून एक सरळ सळई आरपार घातलेली. बोटभर वेल्डिंग करायचं, थांबायचं, समोरच्या बाजूला बोटभर, पुन्हा थांबायचं. मी घाई केली की म्हणायचा, "लोखंड तापलं की रुसतं देवा. बायकोवानी. चहा सांगा." अकरा चहा झाले, पण नळा सुतासारखा सरळ.

पाडव्याला नारळ फोडून गाडी बाळापूरहून निघाली. मिस्त्री चालवत होता, मी शेजारी, छप्पर नाही, केस उभे. वाटेत हॉटेलवाल्यानं कळवळून विचारलं, "कुठं झाला हो अपघात?" बायको गुढीशी उभी होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बसू का?" मी समजून गेलो, भंगारवाला टळला.

आता लबाडी. पुढं ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, पण उलटी. "मिस्त्री पाच-पाच कापायला निघाला होता हो! मीच अडवलं!" एकदा तर पुढच्या पाडव्याला पाहुण्यांनी भरलेल्या आमच्याच ओसरीवर, तो समोर जेवत असताना ही थाप मारली. जीभ चालून गेली, मग पाहिलं... तो श्रीखंड चाटत होता. "व्हय," तो पाहुण्यांना म्हणाला, "देवा म्हन्तेत ते बराबर." मला वाटलं, विसरला असेल.

मागच्या आठवड्यात दुकानात गेलो. आता ते त्याची मोठी लेक सुनीता पाहते. टेबलावर वेल्डिंगच्या कांड्या ठेवायला एक जाड नळकांडं होतं, मी वर्षानुवर्षं पाहिलेलं, भिंतीला चिकटून ठेवलेलं. तिनं कांड्या काढल्या आणि ते माझ्या हातात दिलं. दहा इंच लांब. फिरवलं, तर भिंतीकडच्या बाजूला पिवळी रेघ, 'पाच इंच कापणे', आणि खाली माझी ठसठशीत सही!

"बापू कुणाला ती बाजू पाहू देत नव्हते, काका," सुनीता म्हणाली. "झाडताना फिरली की ओरडायचे. 'देवाचं अक्षर हाय ते. लोकाइला दिसाया न्हाई पायजे. तोंड भितीकडं कर.'"

ते नळकांडं आता माझ्या घरी, बैठकीत आहे. सही दाराकडं. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मला पहिल्यापासून, खरी, सगळी गोष्ट सांगावी लागते. बायको झाडताना ते भिंतीकडं फिरवते. मी परत फिरवतो.

बराबर ना, मिस्त्री?