मावशीने ऐकलं ते डॉक्टर बोललेच नव्हते

आमच्या कुडाळकडे देवाला कौल लावणं, गाऱ्हाणी, नारळ हे रोजचंच. मला त्याची लहानपणापासून चीड. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, रिपोर्टवर विश्वास ठेवणारा. आजही ठेवतो... तरी हे लिहितोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

मला शिकवलं मावशीने, घाटकोपरच्या चाळीत ठेवून घेऊन. तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली की नाक्यावर ऐकू यायची.

तिच्या छातीतल्या मुख्य रक्तवाहिनीला, अगदी कमानीपाशी, फुगा आला होता. अंधेरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात जांघेतून स्टेंट बसवला. पुढे पाठ दुखू लागली. पुन्हा स्कॅन. स्टेंट बसवणारेच डॉक्टर म्हणाले, "एकदम झकास आहे, मावशी! वयाचं दुखणं. मालिश करा."

आम्ही मालिश केली! वर्षभर!

मग एक दिवस ती जेवता जेवता कोसळली. स्टेंटच्या कडेने रक्त गळत होतं, फुगा दुप्पट झाला होता. आता छाती उघडण्याशिवाय इलाज नव्हता. हॉस्पिटल तेच, सर्जन दुसरे. या ऑपरेशनमध्ये अंग बर्फासारखं गार करतात, हृदय थांबवतात, मेंदूपुरतं थोडं रक्त चालू ठेवतात. मावशी वाचली. पण फुगा एवढा वाढला होता की तो काढताना आवाजाची नस दुखावली. उरली ती नुसती कुजबुज.

घशातली श्वासाची नळी काढल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"झिला, तो दाढीवालो डॉक्टर माका उघडून बघल्यान नि म्हणालो, 'हे गेल्या वर्षीच दिसलं असणार. या बाईंना कोणी सांगितलंच नाही?'"

दाढीवाले म्हणजे सर्जनच. मी त्यांना पॅसेजमध्ये गाठलं. "सर, तुम्ही असं बोललात?"

ते थबकले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मावशीने."

"शक्य नाही... तेव्हा हृदय बंद होतं त्यांचं." मग आवाज खाली गेला. "आणि मी बोललोच नाही हो. मनात आलं होतं. अगदी याच शब्दांत."

माझ्या अंगावर काटा आला. पण काट्यापेक्षा संताप मोठा होता — म्हणजे गेल्या वर्षीच्या स्कॅनमध्ये ते दिसत होतं!

मी लेखी तक्रार केली. हॉस्पिटलने मीटिंग बोलावली. मावशी व्हीलचेअरवर, समोर स्टेंटवाले डॉक्टर, शेजारी हे सर्जन. मी सगळं सांगितलं. सर्जन टेबलाकडे बघत म्हणाले, "भूल उतरताना पेशंटला भास होतात."

"आणि पॅसेजमध्ये मला झाला तोही भासच का?" मी ओरडलो. स्टेंटवाले हसले. "अहो, शिकलेले दिसता. बंद मेंदूला ऐकू येतं का कधी?"

ऐकू कसं आलं, ते मला आजही माहीत नाही. कोणी समजावू शकलं तर ऐकेन. पण मी विचारत होतो की ऐकलं ते खरं की खोटं... त्याचं उत्तर त्या खोलीत एकालाच माहीत होतं.

मावशीने माझी बाही ओढली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती सर्जनकडेच बघत होती.

"आतापण मनात कायतरी बोलताहा तो," ती कुजबुजली. "पण आता माका आयकाक येणा नाय."