किसेऱ्याच्या पंपाचा दांडा

अनाएलीचे दात तपकिरी होते. मेरू डोंगराच्या उत्तरेकडच्या कोरड्या उतारावर वाढलेल्या कुणाचेच दात पांढरे नसतात, त्यामुळे लहानपणी तिला त्याचं काही वाटलं नाही. दारेसलामला विद्यापीठात गेल्यावर खोलीतल्या मुलीने विचारलं, तंबाखू कधीपासून खातेस? त्या दिवसापासून ती फोटोत तोंड मिटून उभी राहायला लागली.

भूजलशास्त्राच्या वर्गात तिला कळलं की ज्वालामुखीच्या जुन्या राखेत पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं की त्यात फ्लोराइड उतरतं. जास्त झालं तर दात रंगतात, फारच झालं तर हाडं वाकतात. शिकवता शिकवता सरांनी फळ्यावर वाकड्या गुडघ्यांचं चित्र काढलं आणि अनाएली उठून बाहेर गेली. ते गुडघे तिच्या धाकट्या भावाचे होते. न्देरिंगो दोन काठ्यांवाचून उंबऱ्याबाहेर पडत नसे. बसल्या जागी लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचा. कुणीतरी करणी केली, असं गावाने आईला सांगितलं होतं आणि आईने ते मरेपर्यंत खरं मानलं. आईच्या हातात रोज जे पाण्याचं भांडं होतं त्यातच ती करणी होती, हे सांगायला तेव्हा गावात कुणी नव्हतं. अनाएलीच्या पोटात जो राग शिरला तो तिथला.

पदवी झाल्यावर अरुशाच्या एका बोअर खोदणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली. मालक उरासा, बोलायला गोड माणूस. पाणी कुठे लागेल ते अनाएलीने शोधायचं आणि कंपनीने खोदायचं. तिच्यावर एकटीवर सोपवलेलं पहिलं गाव किसेरा. तिच्या गावापासून बसने एका सकाळीत पोचता येईल असं.

भर उन्हात जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकत, तारा ओढत ती आठवडाभर फिरली. गावाच्या खालच्या अंगाला एक कोरडी घळ होती. तिच्या वाळूगोट्यांखाली वरच्या जंगलातून ताजं पाणी झिरपत येत होतं, राखेत न मुरलेलं. तिने तिथे खूण केली आणि अरुशाला गेली. परत आली तेव्हा बोअर खोदून झाली होती. घळीत नाही, हमरस्त्यालगत. घळीत गाडी उतरत नव्हती, आणि पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेला आपली पाटी रस्त्यावरून दिसायला हवी होती.

पाणी धो धो लागलं होतं. बायका भांडी भरून घेत होत्या, गाणी म्हणत होत्या. अनाएलीने बाटलीत नमुना घेतला, तपासला. फ्लोराइड भरमसाट होतं. तिने उरासाला फोन लावला. हे पाणी पिण्याचं नाही, असं सांगितलं.

“पाणी लागलं ना? मग झालं,” उरासा म्हणाला. “तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असलंच पाणी पितात. तूच बघ की. तेच पिऊन शिकलीस ना एवढी?”

तिने फोन ठेवला. गाडीतून पाना काढला, पंपाचा दांडा खोलला, खांद्यावर टाकला आणि गाडीत नेऊन ठेवला. काय करतेय ते बायकांना कळेपर्यंत पंप मुका झाला होता.

सगळ्यांत पुढे एक बाई आली, गाव तिला नाइसाची आई म्हणे. तिने अनाएलीची वाट अडवली.

“दांडा लाव, पोरी.”

अनाएलीने समजावायला सुरुवात केली. राख, फ्लोराइड, हाडं. बाईने पुरतं ऐकून घेतलं.

“तुझे दात रंगले. माझे रंगले. आपण जिवंत आहोत,” ती म्हणाली. “माझी नाइसा रानातल्या झऱ्यावर पाण्याला गेली होती. वाटेत रानम्हशीने तिला शिंगावर घेऊन मारलं. तुझ्या त्या बाटलीत रानम्हैस दिसते का?”

तरी अनाएलीने दांडा दिला नाही. गाडीवर शेण आलं, मागून शिव्या आल्या. उरासाची माणसं दुसरा दांडा घेऊन येणार हेही तिला ठाऊक होतं. सगळा रस्ता ती संतापाने रडत होती. त्या बाईचं खरं होतं, आणि आपलंही खरं होतं, म्हणून.

ती थेट आपल्या गावी गेली आणि न्देरिंगोला म्हणाली, चल माझ्याबरोबर.

“मला दाखवायला नेतेस?” त्याने हातातला रेडिओ खाली ठेवला. “जत्रेत दोन डोक्यांचं वासरू नेतात तसं?”

“हो,” ती म्हणाली. “माझं कुणी ऐकत नाही.”

तो वाट्टेल ते बोलला. तुझ्या नोकरीसाठी माझे पाय हवेत, म्हणाला. सकाळी मात्र स्वच्छ सदरा घालून काठ्या घेऊन दारात उभा होता. सबंध प्रवासात तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

किसेऱ्यात पंपाला नवा दांडा बसला होता, रांग लागली होती. न्देरिंगो गाडीतून उतरून रांगेपर्यंत चालत गेला. त्याला वेळ लागला. कुणी हसलं नाही, कुणी मदतीलाही धावलं नाही.

“माझ्या बहिणीचं ऐकू नका. तिला बोलता येत नाही, नुसती चिडते,” तो बायकांना म्हणाला. “तुमची चालती-पळती पोरं आणा आणि पाय जुळवून उभी करा. गुडघे चिकटतायत की लांब राहतायत, ते तुम्हीच बघा. माझं तिथूनच सुरू झालं.”

मग तो पंपाच्या ओट्यावर बसला. शेवटी नाइसाच्या आईने आपल्या नातवाला पुढे ओढलं, त्याच्या घोट्याला घोटा जुळवला आणि गुडघ्यांमधून हात घातला. हात सहज आरपार गेला. ती तशीच वाकून राहिली.

“हे आधीपासून आहे?” तिने विचारलं.

“झऱ्याचं पाणीही तसलंच आहे,” अनाएली म्हणाली. “या बोअरचं त्याहून वाईट. चांगलं पाणी घळीत आहे. मी खूण केली होती.”

“मग तिथे का नाही खोदलं?”

अनाएलीने पाटीकडे बोट दाखवलं.

उद्घाटनाला परदेशी पाहुणे आले तेव्हा रस्त्यावर नाच नव्हता. बायका पोरांना उभं करून बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर एक. नाइसाच्या आईने पाहुण्यांना पेला भरून दिला आणि म्हणाली, प्या, तुम्हीच दिलंय. कुणी पेल्याला हात लावला नाही. उरासा हसत हसत काहीतरी सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने अनाएलीला कामावरून काढलं. त्या धंद्यातल्या बाकीच्यांनीही मग तिला बराच काळ दारात उभं केलं नाही.

घळीपर्यंतची वाट किसेऱ्याच्या लोकांनी स्वतः फोडली. पुढच्या कोरड्या हंगामात दुसऱ्या कुणीतरी तिथे बोअर खोदली, अनाएलीच्या खुणेपासून हातभर अंतरावर. पाणी चांगलं आहे, पण धार बारीक. रस्त्याकडच्या पंपावर आता धुणी आणि आंघोळी होतात. जनावरांनाही तिथे पाजत नाहीत.

अनाएली हल्ली गावोगाव पाणी तपासत फिरते, मिळेल त्या पगारावर. किसेऱ्यात गेली की बायका तिला मका आणि आंबट दुधाच्या लोशोरोचा वाडगा देतात आणि खाताखाताच भांडतात, की रांग संपत नाही, धार मोठी का नाही केलीस? तीही भांडते. न्देरिंगोचे पाय सरळ होणार नाहीत, आणि ती ते कुणाला माफ करत नाही.